क्रँकबेट ओढायला ताठ रॉड नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकण किनाऱ्यावरील हौशी मासेमारीविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. गरवण्याच्या छंदाला मराठी वृत्तपत्राने एवढी जागा दिली याचा आनंद आहे. मात्र रॉड 'जितका हलका आणि ताठ, तितका चांगला' असा जो सल्ला नवशिक्यांना त्यात दिला आहे, तो खडकावर उभे राहून ल्युअर, म्हणजे नकली आमिष, फेकणाऱ्याला लागू पडत असला, तरी चालत्या होडीमागे क्रँकबेट ओढणाऱ्याच्या बाबतीत नेमका उलटा आहे. हंगाम तोंडावर असताना अनेकजण तो लेख हातात घेऊन दुकानात जातील, म्हणून हे पत्र. येथे ज्या ट्रोलिंगबद्दल, म्हणजे चालत्या होडीमागे ल्युअर ओढण्याबद्दल, लिहितो आहे, त्याचा समुद्राच्या तळावरून जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरशी काही संबंध नाही, हे गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो.

क्रँकबेट म्हणजे लाकडाचा किंवा कठीण प्लास्टिकचा नकली मासा. त्याच्या तोंडाखाली ओठासारखी पट्टी असते. दोरीला ओढ बसली की पाणी त्या पट्टीवर दाबते, नकली मासा खाली बुडी घेतो आणि अंग हलवत पोहू लागतो. फिनलंडमधील लौरी रापाला यांनी १९३६ च्या सुमारास बूच कोरून असे ल्युअर बनवले, ते वल्हवलेल्या होडीमागे ओढण्यासाठीच. आज मालवण, वेंगुर्ले, रत्नागिरी, मुरूड किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या फायबरच्या होड्यांमागे सुरमई, कुपा, डागोळ, बाराकुडा यांच्यासाठी हाच प्रकार वापरला जातो. फरक एवढाच की वल्ह्यांच्या जागी इंजिन आले आणि वेग चार ते सात नॉटपर्यंत गेला.

रॉडची निवड या वेगापासून सुरू होते. सहा नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे तीन मीटर. रॉड कोणाच्या हातात नसतो, तो होडीच्या कठड्यावरील नळीत खोचलेला असतो. सुरमई मागून किंवा आडवी येऊन ल्युअरवर झडप घालते आणि गळ रुतताच वळून पळते. त्या क्षणी होडी पुढे चाललेली असते, मासा उलट दिशेला निघालेला असतो आणि तांडेलाने इंजिनाचा वेग कमी करेपर्यंत काही सेकंद सहज जातात. हातात दोरी धरून गरवणारे आपल्याकडचे जुने दर्यावर्दी ती मुठीत आवळून धरत नाहीत, बोटांवर खेळवतात आणि मासा लागला की आधी थोडी दोरी सोडतात. नळीतल्या रॉडला बोटे नसतात. हे सैल सोडण्याचे काम त्याला स्वतःच्या वाकण्यातून करावे लागते, आणि जो रॉड वाकत नाही तो ते करू शकत नाही.

त्यातच क्रँकबेटला बहुधा तीन काट्यांचे दोन गळ असतात. हे काटे मोठ्या एकेरी गळाच्या मानाने बारीक आणि आखूड असल्यामुळे माशाच्या तोंडात खोल न जाता कडेच्या कातडीत अडकतात. ताठ रॉडवर धक्का बसला की त्या जागेचे छिद्र फाटून मोठे होते आणि मासा होडीजवळ येऊन डोके झटकताच गळ निसटतो. कधी काटा सरळ होतो, कधी ल्युअरला गळ जोडणारी कडी उघडते. 'मासा लागला होता, पण सुटला' ही तक्रार होडीवर वारंवार ऐकू येते आणि तिचे खापर गळाच्या धारेवर किंवा नशिबावर फुटते. पुष्कळदा दोष रॉडचा असतो.

दुकानात रॉडविषयी दोन गोष्टी सांगितल्या जातात, पॉवर आणि ॲक्शन, आणि बहुतेक ग्राहक या दोहोंची गल्लत करतात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, तर ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड फक्त शेंड्याकडे वाकतो आणि खाली काठीसारखा ताठ राहतो. ल्युअर लांब फेकायला किंवा खोल पाण्यात जिग, म्हणजे धातूचे जड ल्युअर, उचलायला ते गुण उपयोगी आहेत. क्रँकबेट ओढण्यासाठी मात्र मॉडरेट ॲक्शन हवी, म्हणजे वजन आले की वाक शेंड्यापासून हळूहळू निम्म्या रॉडपर्यंत उतरला पाहिजे आणि खालच्या भागात, बटमध्ये, मासा उचलण्याइतकी ताकद शिल्लक राहिली पाहिजे. मऊ रॉड म्हणजे दुबळा रॉड हा समज चुकीचा आहे. ३० पौंडी वर्गाचा, म्हणजे ३० पौंड ताकदीच्या दोरीसाठीचा, रॉड मॉडरेटही असू शकतो आणि फास्टही, आणि कोकणातल्या सुरमईसाठी मी पहिलाच निवडीन.

पॉवर ठरवताना आणखी एक घोळ होतो. रॉडवर छापलेले 'ल्युअरचे वजन' हे फेकण्याचे वजन असते. ओढताना ल्युअर किती ग्रॅमचे आहे याला फारसे महत्त्व नाही, कारण तेथे ताण येतो तो पट्टीवर दाबणाऱ्या पाण्याचा. तो ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग तीन नॉटवरून सहा नॉट केला तर ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. त्यामुळे रुंद पट्टीचे, खोल जाणारे ल्युअर वजनाने हलके असले तरी कमी ताकदीच्या रॉडला मासा लागण्याआधीच पुरते वाकवून टाकते आणि माशासाठी वाकायला काही उरतच नाही. ही ओढ मोजण्याचा सोपा मार्ग म्हणजे नेहमीच्या वेगात होडी चालवून ल्युअरची दोरी स्प्रिंगच्या वजनकाट्याला अडकवावी आणि आकडा टिपून ठेवावा. तेवढ्या वजनाने रॉडचा वरचा एक तृतीयांश भाग वाकावा, त्याहून जास्त नाही. ही पारख केल्याशिवाय नव्या रॉडवर पैसे खर्च करणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

इंटरनेटवरील अमेरिकी माहिती येथेच दिशाभूल करते. तिकडे ईरी सरोवरात वॉलआय नावाच्या माशासाठी क्रँकबेट ओढण्याची मोठी परंपरा आहे, त्यासाठी सात ते साडेआठ फुटांचे मऊ रॉड मुद्दाम बनवले जातात आणि ॲक्शनच्या बाबतीत त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पण तेथे होडी ताशी दीड ते अडीच मैलांनी, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही हळू जाते आणि पाणी गोडे असते. तो रॉड जसाच्या तसा आणून सहा नॉटला समुद्रात लावला, तर ल्युअरच त्याला लोळवेल. वाकण्याची पद्धत त्यांच्याकडून घ्यावी, ताकद मात्र आपल्या समुद्राप्रमाणे ठरवावी.

रॉड कशाचा असावा, या प्रश्नावर लेखात कार्बनची भलामण आहे. कार्बनचा रॉड हलका असतो आणि दोरीतील बारीकशी हालचालही हातापर्यंत पोचवतो हे कबूल. परंतु जो रॉड दिवसभर नळीत खोचलेला राहणार, त्याच्या हलकेपणाचा फायदा कोणाला? उलट कार्बन आदळआपट सहन करत नाही. फळीवर पडून किंवा शिशाचा गोळा लागून त्याला न दिसणारी चीर गेली, तर पुढे भर झुंजीत तो फटकन तुटतो. होडीजवळ आलेला मासा उचलताना उत्साहाच्या भरात रॉड उभा केला की शेंड्यावर सगळा भार येतो आणि तेथेही कार्बनच आधी मोडतो. फायबरग्लास जड असला तरी चिवट आहे, मुळातच मॉडरेट वाकतो आणि सामान्यतः स्वस्तही पडतो. ज्यांना तो फारच बोजड वाटतो, त्यांनी काच आणि कार्बन यांचे मिश्रण असलेला रॉड घ्यावा. ल्युअर नीट चालते आहे की नाही हे कळायला कार्बनच हवा असेही नाही, कारण काचेच्या रॉडचा शेंडाही ल्युअरच्या ठोक्याबरोबर सतत थरथरतो आणि ती थरथर थांबली की काट्यात शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली असे समजून दोरी गुंडाळून पाहावी. आजकाल पिशवीच जास्त वेळा निघते.

कार्बनविषयी आणखी एक बाब जिवाशी निगडित आहे. तो विजेचा वाहक आहे. परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारनंतर गडगडाट सुरू झाला, की नळीत उभे ठेवलेले सगळे रॉड, मग ते कशाचेही असोत, काढून आडवे ठेवावेत आणि किनारा गाठावा. खाडीवरून जाणाऱ्या विजेच्या तारांखालूनही रॉड उभे ठेवून होडी नेऊ नये.

दोरीचा विचार रॉडपासून वेगळा करता येत नाही. मोनो दोरी, म्हणजे नायलॉनचा एकसंध धागा, ताणली जाते, त्यामुळे धक्क्याचा काही भाग ती स्वतः पिऊन टाकते. अनेक धागे विणून केलेली ब्रेडेड दोरी (ब्रेड) जवळजवळ ताणलीच जात नाही. ती त्याच ताकदीच्या मोनोपेक्षा बारीक असल्याने पाणी कापते आणि ल्युअरला जास्त खोल नेते, हा तिचा मोठा गुण. पण ताठ कार्बन रॉड, ब्रेड आणि घट्ट आवळलेला ड्रॅग (दोरी किती ताणावर सुटेल हे ठरवणारा रीलचा ब्रेक) हे त्रिकूट जमले की गळ फाटून निघणार हे जवळपास ठरलेलेच. ब्रेड वापरायचीच असेल तर रॉड एक पायरी मऊ घ्यावा, ब्रेडच्या पुढे वीस-तीस मीटर मोनो जोडावी आणि ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पावपटीवर ठेवावा, म्हणजे ३० पौंडी दोरीला साडेतीन किलोच्या आत. सुरमईचे दात लक्षात घेऊन ल्युअरपुढे तारेचा छोटा लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाचा तुकडा, असावा हे सांगायला नकोच.

लांबीबाबत लेखातील 'लांब रॉड केव्हाही चांगला' हे विधान अर्धेच खरे आहे. आपल्या लहान होड्यांवर साडेपाच ते सात फूट पुरतात. दोन्ही बाजूंना सात फुटी रॉड बाहेरच्या दिशेने, जवळजवळ आडवे लावले तर दोऱ्यांमध्ये अंतर राहते आणि वळताना गुंता होत नाही. मागच्या कठड्यावर मधोमध मात्र आखूड आणि थोडा जास्त ताकदीचा रॉड हवा. सर्वांत खोल जाणारे ल्युअर त्याच्यावर लावून होडीच्या जवळ ठेवावे आणि वरच्या पाण्यात चालणारी ल्युअर बाजूच्या रॉडवरून लांब मागे सोडावीत. आठ-नऊ फुटी रॉड छोट्या होडीत मासा जवळ आल्यावर अडचणच करतो, कारण शेंडा दूर राहतो आणि गॅफ (मासा ओढून घेण्याचा आकडा) किंवा जाळे घेतलेल्या खलाशाच्या हाताशी मासा येतच नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. रॉड ओव्हरहेड, म्हणजे रॉडच्या वरच्या बाजूला बसणाऱ्या, रीलचा असावा, कारण ट्रोलिंगला लागणारा सलग, न अडखळणारा ड्रॅग त्या रीलमध्ये अधिक भरवशाचा मिळतो. बटाच्या टोकाला खाच असलेली टोपी पाहून घ्यावी. नळीतल्या आडव्या खिळ्यात ती बसली की रॉड स्वतःभोवती फिरत नाही. रोलर गाइडचा, म्हणजे दोरी ओवण्याच्या चाके असलेल्या कड्यांचा, आग्रह धरू नये. ते ५० आणि ८० पौंडी जड सामानासाठी ठीक आहेत, आपल्या कामात मात्र खाऱ्या पाण्याने त्यांची चाके धरतात आणि बारीक ब्रेड फटीत अडकते. सिरॅमिक कड्यांचे साधे गाइड पुरेसे आहेत, फक्त एखाद्या कडीला तडा गेला आहे का हे कापूस फिरवून तपासावे. कापसाचे धागे जेथे अडकतील तेथे दोरीही कापली जाणार. एसटीने किंवा कोकण रेल्वेने येणाऱ्यांना दोन तुकड्यांचा रॉड सोयीचा पडतो, पण जोड मधोमध नसून बटाजवळ असलेलाच घ्यावा, म्हणजे वाकणारा भाग सलग राहतो.

शेवटी विक्रेत्यांना आणि ग्राहकांना एक विनंती. दुकानात रॉडची पारख करताना शेंडा जमिनीला किंवा छताला टेकवून दाबण्याची जी सवय आहे ती सोडावी. तो भार रॉडवर प्रत्यक्षात कधीच तसा येत नाही आणि नवा माल मात्र खराब होऊ शकतो. त्याऐवजी रीलची दोरी गाइडमधून ओवून तिला आधी एक लिटर आणि मग दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधावी, रॉड आडवा धरून हळूच उचलावा आणि बाजूने कोणाला तरी वाक पाहायला सांगावा. वाक एका जागी मोडल्यासारखा दिसला तर रॉड परत ठेवावा. ही परवानगी न देणाऱ्या दुकानातून कितीही सवलत मिळत असली तरी रॉड घेऊ नये. आपण पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिणार असाल, तर बाटली बांधलेल्या दोन रॉडची, एक फास्ट आणि एक मॉडरेट, छायाचित्रे शेजारी छापावीत ही विनंती.

आपला,
एक गरवणारा वाचक, रत्नागिरी