यादीत आहेत, शोधात नाहीत

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय सुन्या,

तुझं लांबलचक गाऱ्हाणं वाचलं. स्वस्त पडतात म्हणून तुमची सगळी मशिनं इंटेलच्या प्रोसेसरवरून एआरएम जातीच्या प्रोसेसरवर न्यायची ठरलंय, आणि साहेब म्हणतात कोड तोच, नुसता पुन्हा कंपाईल करायचा, म्हणजे नव्या मशीनच्या भाषेत उतरवायचा. कंपाईल होईल रे, आणि बहुतेक एक वॉर्निंगसुद्धा येणार नाही. खरी भीती तीच आहे. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

इथल्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. कुणीतरी फार पूर्वी सी भाषेत लिहिलेलं, इंडेक्सचा बी-ट्री, म्हणजे नावं पटकन सापडावीत म्हणून क्रमानं लावलेलं झाड, तेसुद्धा घरचंच. जुना पीसी गेला, तेव्हा मालकांनी एआरएमचा एक छोटा डबा आणला आणि डेटाच्या फायली आहेत तशा त्यावर टाकल्या. गुळाचा सौदा सुरू झाला आणि दिवाणजींचा फोन: काही पाटील सापडेनात. पूर्ण यादी काढली की नाव आहे, उचलही दिसते. नाव टाकून शोधलं की 'खाते नाही'. शेतकरी समोर उभा आणि मशीन म्हणतंय हा माणूसच नाही. दिवाणजी पक्के, त्यांनी चोपडी काढली आणि काम पुढं रेटलं.

आता आतली गोष्ट. सी मध्ये एक बाइट ठेवायला नुसतं कॅर लिहिलं तर ते साइन्ड (उणे आकडेही धरणारं) की अनसाइन्ड (शून्य आणि त्यावरचेच), हे भाषेच्या प्रमाणानं कंपायलरवर सोडलंय. लिनक्सवर इंटेलला ते साइन्ड असतं, म्हणजे −१२८ ते १२७. एआरएमवर अनसाइन्ड, ० ते २५५. इंग्रजी अक्षरं १२७ च्या आत बसतात, त्यामुळं इंग्रजी नावांवर टेस्ट करणाऱ्याला हे जन्मात दिसत नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत, आपलं देवनागरी अक्षर तीन बाइटचं आणि तिन्ही बाइट १२७ च्या वर. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. साइन्ड कॅरमध्ये तेच −३२, −९२, −१०७ होतात. आमच्या इंडेक्सचं तुलनेचं फंक्शन हातानं लिहिलेलं होतं: दोन कॅर घ्यायचे, वजाबाकी करायची, उत्तर परत द्यायचं.

मग सगळेच का नाही हरवले? मला यातली खरी गंमत इथं वाटते. दोन्ही बाइट १२७ च्या वरचे असले, तर साइन्ड धरा नाहीतर अनसाइन्ड, त्यांचा आपसातला क्रम बदलत नाही. देवनागरी बाइट जेव्हा स्पेसशी, इंग्रजी आकड्याशी किंवा स्ट्रिंगच्या शेवटच्या शून्याशी भिडतो, तेव्हाच क्रम उलटतो. 'राम पाटील' आणि 'रामचंद्र पाटील' घे. 'राम' नंतर एकीकडं स्पेस, म्हणजे ३२; दुसरीकडं 'च'चा पहिला बाइट. जुन्या मशीनवर तो −३२, म्हणून रामचंद्र आधी. नव्यावर तोच २२४, म्हणून राम आधी. झाड जुन्या क्रमानं बांधलेलं आणि शोध नव्या क्रमानं चाललेला, त्यामुळं ज्या फांदीवर अशी जोडी आडवी आली तिथं शोध चुकीकडं वळला. ओळीनं वाचत गेलं की सगळे जागेवर.

कोडमधली दुरुस्ती एका ओळीची आहे. वजाबाकीआधी दोन्ही बाजू अनसाइन्ड कॅर करायच्या. सी ची तुलनेची तयार फंक्शनं, स्ट्रसीएमपी आणि मेमसीएमपी, तेच करतात, तसं प्रमाणातच लिहिलंय. पण ही ओळ बदलून तू जुनी फाईल उघडलीस, तर इंटेलवरसुद्धा पाटील हरवतील! चुकीचा का असेना, तो क्रम डिस्कवर लिहून झालाय.

पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांपुढंही हेच आलं होतं. त्यांच्या पीजी-ट्रिग्रॅम या मजकूर शोधायच्या एक्स्टेन्शनचे इंडेक्स कॅरच्या स्वभावावर अवलंबून होते. जगभरच्या लोकांना इंडेक्स पुन्हा बांधा म्हणणं शक्य नव्हतं. म्हणून २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत क्लस्टरच्या, म्हणजे एका सर्व्हरच्या सगळ्या डेटाच्या, कंट्रोल फाईलमध्येच साइन्ड की अनसाइन्ड याची नोंद आली. अपग्रेडचं साधन ती नोंद पुढं नेतं. मात्र १७ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवरून येत असशील, तर ते ज्या मशीनसाठी बांधलंय तिचाच स्वभाव धरून चालतं. मशीनही बदलत असेल तर हातानं सांगावं लागतं, त्यासाठी वेगळा पर्याय दिलाय. तुमच्याकडं पोस्टग्रेसही आहे म्हणालास, हे आधी बघ.

तू विचारलंस, जीसीसी कंपायलरला साइन्ड कॅरचा फ्लॅग देऊन मोकळं होऊ का? चालेल. जुन्या फायलीही चालतील. पण मग फायलीबद्दलची माहिती मेकफाईलमध्ये, म्हणजे कंपाईल कसं करायचं त्या सूचनांत, राहते, आणि चार वर्षांनी मेकफाईल नवी लिहिणाऱ्या पोराला ती कोण सांगणार? मी फाईलच्या हेडरमध्ये एक बाइट ठेवला. जुनी फाईल असेल तर तुलना स्पष्टपणे साइन्ड कॅरनं, नवी असेल तर अनसाइन्डनं, आणि नुसतं कॅर तुलनेत कुठंच नाही. इंडेक्स रात्री पुन्हा बांधून घेतला, तरी जुन्या बॅकअपसाठी ती जुनी वाट लागतेच.

कोडमध्ये असली ठिकाणं शोधताना आणखी दोन जागा बघ. एकेक बाइट वाचणाऱ्या गेटकॅरचं उत्तर कॅरमध्ये साठवलं असेल, तर एआरएमवर ते −१ शी, म्हणजे वाचायचं संपल्याच्या खुणेशी, कधीच जुळत नाही आणि लूप थांबत नाही. आणि तुलनेचं फंक्शन स्वतः कॅर परत देत असेल तर तिथं थांबच. २०१२ मध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मेमसीएमपीचं उत्तर असंच एका बाइटात कोंबलं गेलं होतं. काही बिल्डवर खालचे आठ बिट शून्य आले की पासवर्ड जुळला असं ठरायचं, साधारण २५६ प्रयत्नांत एकदा. कुठलाही पासवर्ड टाका, दार उघडतंय. हे साइन्डचं दुखणं नव्हे, पण घराणं तेच.

टेस्टच्या डेटात मराठी नावं घाल: एकात स्पेस, एक दुसऱ्याच्या सुरुवातीला येणारं, एकात इंग्रजी आकडा. आणि तुमचं तुलनेचं फंक्शन मला पाठव, रविवारी बघतो.

काकूंना नमस्कार. गणपतीला येणार असशील तर गाडीचं तिकीट आत्ताच काढ, मागच्या वेळेसारखं उभ्यानं नको.

तुझा,
पम्या