वैद्यकीय इच्छापत्र कोठे द्यायचे?

महोदय,

वडील पक्षाघाताने बेशुद्ध असताना कृत्रिम श्वासयंत्र सुरू ठेवावे की नाही, यावरून आम्हा भावंडांत मतभेद झाले आणि त्यांना स्वतःला काय हवे होते हे आम्ही कधी विचारलेच नव्हते, ही खंत आजही जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे आपण सांगण्याच्या स्थितीत नसल्यास कोणते उपचार करावेत वा थांबवावेत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. २०२३ पासून तर दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेता येते, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. त्याची प्रत मात्र स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. हा अधिकारी कोण व कोठे भेटेल, हे नाशिक महापालिकेने प्रत्येक विभागीय कार्यालयात ठळकपणे लावावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक