‘गो’ फोनवर शिकू नये

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘गो’ हा पटावरचा खेळ शिकायचाय? मग फोनवर संगणकाशी खेळा, असं नवशिक्याला हमखास सांगतात. मी तीन महिने तेच केलं. वय ६४, बँकेतून निवृत्त, वेळच वेळ. सव्वाशे डाव खेळलो आणि डाव संपतो कधी, तेच मला कळलं नाही.

बुद्धिबळात राजा अडकला की खेळ खलास. गोमध्ये आडव्या-उभ्या १९ रेघा, त्या छेदतात त्या ३६१ जागा. काळ्या-पांढऱ्या सोंगट्या ठेवून मुलूख घेरायचा. आता मिळवण्यासारखं काही उरलं नाही असं वाटलं, की दोघांनी ‘पास’ म्हणायचं आणि कुठल्या सोंगट्या मेल्या (म्हणजे वेढल्या गेल्या, आता वाचणार नाहीत) ते आपसात ठरवायचं. फोन हे परस्पर उरकतो. पडद्यावर येतं: पांढरा साडेसेहेचाळीस गुणांनी विजयी. हा अर्धा गुण आला कुठून? (पहिली चाल काळ्याची, म्हणून पांढऱ्याला साडेसहा गुणांची भरपाई. हे फोनने नाही, जावयाने सांगितलं.)

नंतर लेकीकडे योकोहामाला गेलो. स्टेशनजवळ एका माडीवर ‘गो-काईशो’, म्हणजे गो खेळणाऱ्यांचा अड्डा. ऐंशीच्या घरातले एक आजोबा समोर बसले. त्यांना इंग्रजी येईना, मला जपानी. नवशिक्याची सवलत म्हणून त्यांनी मला आधीच नऊ सोंगट्या मांडायला लावल्या. तरी हरलोच. मध्येच एक चाल परत घ्यायला हात पुढे केला, तर आजोबांनी हसून मान हलवली. फोनवर मी ते बटण डावात दहा वेळा दाबायचो!

डाव संपल्यावर त्यांनी पकडलेल्या काळ्या सोंगट्या माझ्याच मुलखात भरल्या, दोघांचे मुलूख सरकवून सरळ चौकोनी केले, दहा-वीस-तीस असे मोजता यावेत म्हणून. आपण किती हरलो ते तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. मग पट रिकामा करून अख्खा डाव आठवणीतून पुन्हा मांडायला लागले. एका ठिकाणी थांबले, माझी सोंगटी बोटाने एक घर मागे घेतली आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. समजलं.

यंत्राला मी कमी लेखत नाही. मार्च २०१६ मध्ये सोलला ‘अल्फागो’ या संगणक-प्रोग्रामने कोरियाचा अव्वल गो-खेळाडू ली सेडॉलला ४-१ हरवलं, दुसऱ्या डावातल्या ३७व्या चालीने जाणकारही चक्रावले होते. आज व्यावसायिक खेळाडू यंत्रासमोर बसून अभ्यास करतात. पण त्यांना खेळ आधी येतो. मला यंत्र सांगतं, या चालीत जिंकण्याची शक्यता चार टक्क्यांनी घटली. का घटली, ते कोण सांगणार? आणि सोप्या पातळीवर तेच यंत्र मध्येच मुद्दाम वेड्यासारखं खेळतं. तेवढं टिपून जिंकायची सवय लागते, माणसापुढे तिचा काडीचा उपयोग नाही.

इथे जोडीदार मिळत नाही, हे कबूल. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नऊ बाय नऊ रेघा मारल्या, काळ्याला चिंचोके, पांढऱ्याला पावटे, आणि शेजारच्या निवृत्त मास्तरांना बसवलं. दोघेही कच्चे. परवा कोपऱ्यातले माझे पाच चिंचोके मेले की जिवंत आहेत, यावर अर्धा तास वाद झाला, चहा निवला. शेवटी खेळूनच पाहिलं. मेलेले होते.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे