मतपत्रिकेवरची तिसरी ओळ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत दोनच पक्ष आहेत, तिसऱ्याला तिथे थारा नाही, हे विधान मराठी वृत्तपत्रांतून इतक्यांदा छापून येते की ते तपासून पाहण्याची गरजही आता कोणाला वाटत नाही. वॉशिंग्टनपुरते ते बरेचसे खरे आहे. न्यूयॉर्क राज्यापुरते ते खरे नाही, आणि या राज्याचा मतदार म्हणून मला त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते. 1962 साली इथे स्थापन झालेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीने साठ वर्षांहून अधिक काळ राज्याच्या राजकारणाची दिशा वळवली आहे. तिची बरीच मते मला मान्य नाहीत. पण लहान पक्षाची ताकद कशात असते, हे समजून घ्यायला या पक्षाच्या इतिहासाइतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

आधी मतपत्रिकेविषयी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. न्यूयॉर्कच्या मतपत्रिकेवर प्रत्येक पक्षाची स्वतंत्र ओळ असते आणि एकाच उमेदवाराला दोन किंवा तीन पक्ष आपापली उमेदवारी देऊ शकतात. त्यामुळे रिपब्लिकन उमेदवाराचे नाव रिपब्लिकन ओळीवर दिसते आणि तेच नाव खाली कॉन्झर्व्हेटिव्ह ओळीवर पुन्हा छापलेले असते. मतदार दोहोंपैकी एका ठिकाणचा लंबगोल काळा करतो. मतमोजणीत दोन्ही ओळींची मते वेगवेगळी नोंदवली जातात आणि मग उमेदवाराच्या खात्यात एकत्र केली जातात. दोन्ही ठिकाणी खूण केली, तर ते मत आधीच्या, म्हणजे बहुधा मोठ्या पक्षाच्या ओळीवर धरले जाते. ओळींचा क्रम गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत मिळालेल्या मतांवरून ठरतो. इतर बहुतेक राज्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशा संयुक्त उमेदवारीवर बंदी घातली. न्यूयॉर्कमध्ये तसा कायदा 1911 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. पुढे 1947 च्या विल्सन-पकुला कायद्याने पक्षाचा सदस्य नसलेल्या उमेदवाराला त्या पक्षाच्या समितीची परवानगी आवश्यक केली. परवानगी नाकारण्याचा हा अधिकारच लहान पक्षांचे खरे भांडवल ठरला.

या भांडवलाचा उपयोग आधी डाव्यांनी केला. कपडे आणि टोप्या शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनांच्या बळावर 1944 मध्ये उभा राहिलेला लिबरल पक्ष डेमोक्रॅटांना, आणि प्रसंगी उदारमतवादी रिपब्लिकनांनाही, आपली ओळ देत असे. 1960 च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉन केनेडी यांना राज्यात सुमारे 3 लाख 84 हजारांचे मताधिक्य मिळाले, आणि त्यांना लिबरल ओळीवर पडलेली मते होती सुमारे 4 लाख 6 हजार. हा हिशेब सर्वांसमोर होता. त्यावरून ज्यांनी धडा घेतला ते दोन तरुण वकील, डॅनियल महोनी आणि त्यांचे मेहुणे किएरन ओ'डोहर्टी, दोघेही रिपब्लिकन पक्षाच्या कारभारावर नाराज होते. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर आणि सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांच्या हाती गेलेला तो पक्ष करांच्या आणि सरकारी खर्चाच्या बाबतीत डेमोक्रॅटांपेक्षा वेगळा राहिलेला नाही, अशी त्यांची तक्रार होती. डावीकडे ओढणारा एक लहान पक्ष आहे, तर उजवीकडे ओढणाराही हवा, इतका त्यांचा विचार सरळ होता.

पहिली परीक्षा सह्यांची होती. नव्या पक्षाला उमेदवार उभा करायचा तर 12,000 सह्या लागत, आणि त्या एकट्या शहरातून गोळा करून भागत नसे. राज्यातल्या प्रत्येक काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, किमान 50 सह्या आणाव्या लागत. कॅनडाच्या सीमेपर्यंत पसरलेल्या विरळ वस्तीच्या गावांत जाऊन, सही करणारा खरोखर तिथला नोंदणीकृत मतदार आहे याची खात्री करून घेण्याचे हे काम होते, आणि रिपब्लिकन नेते त्यात खोड काढायला टपलेलेच होते. 1962 साली सिराक्यूजचे उद्योजक डेव्हिड जॅक्विथ गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. ओळ टिकवण्यासाठी 50,000 मते पुरेशी होती. त्यांना 1 लाख 41 हजारांहून अधिक मिळाली. रॉकफेलर निवडून आले, पण आपल्या उजवीकडे आता कायमचा हिशेब मागणारा कोणीतरी बसला आहे हे त्यांच्या पक्षाला कळून चुकले.

1965 मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू' या नियतकालिकाचे संपादक विल्यम बकली कॉन्झर्व्हेटिव्ह ओळीवर न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदासाठी उभे राहिले. निवडून आलात तर काय कराल, या प्रश्नावर "फेरमोजणी मागेन" असे त्यांनी दिलेले उत्तर आजही सांगितले जाते, आणि त्या विनोदापुढे त्यांची 13 टक्क्यांहून अधिक मते विसरली जातात. ही मते बहुतांशी क्वीन्स, ब्रुकलिन आणि स्टेटन आयलंडमधल्या आयरिश, इटालियन आणि जर्मन वंशाच्या, स्वतःचे छोटे घर असलेल्या कॅथलिक कुटुंबांची होती. आजवर डेमोक्रॅट असलेली ही कुटुंबे गुन्हेगारी, वाढते कर आणि कृष्णवर्णीय आणि गोऱ्या वस्त्यांतील शाळांमधल्या मुलांच्या सक्तीच्या अदलाबदलीमुळे अस्वस्थ होती. या अस्वस्थतेत कृष्णवर्णीय शेजाऱ्यांविषयीच्या भीतीचा मोठा वाटा होता, आणि पक्षाने ती भीती शमवण्याऐवजी तिच्यावर आपली संघटना वाढवली, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्याच वर्षी पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या नागरी मंडळावर सार्वमत घडवून आणण्यात हा पक्ष पोलिस संघटनेबरोबर आघाडीवर होता आणि ते मंडळ मोठ्या बहुमताने बरखास्त झाले. पक्षाचा इतिहास सांगताना ही बाजू गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

त्याच 1966 साली गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत पक्षाचे उमेदवार पॉल अ‍ॅडम्स हे राज्यात फारसे कोणाला माहीत नसलेले प्राध्यापक होते, तर लिबरल पक्षाचे उमेदवार होते साक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे चिरंजीव. अ‍ॅडम्स यांना 5 लाख 10 हजार मते पडली, धाकट्या रूझवेल्टना 5 लाख 7 हजार. तीन हजारांहून कमी मतांच्या या फरकाने मतपत्रिकेवरची तिसरी ओळ लिबरलांकडून कॉन्झर्व्हेटिव्हांकडे गेली.

पक्षाचा सर्वांत मोठा विजय 1970 चा. सिनेटर रॉबर्ट केनेडी यांच्या हत्येनंतर रॉकफेलर यांनी त्यांच्या जागी सिनेटवर नेमलेले चार्ल्स गुडेल व्हिएतनाम युद्धाचे कडवे विरोधक बनले होते. रिपब्लिकन आणि लिबरल अशा दोन्ही ओळी त्यांच्याकडे होत्या. डेमोक्रॅट रिचर्ड ऑटिंगर यांची भूमिकाही युद्धविरोधीच होती. युद्धाला विरोध करणारी मते दोघांत विभागली गेली आणि विल्यम बकली यांचे बंधू जेम्स बकली सुमारे 39 टक्के मतांवर सिनेटर झाले. अध्यक्ष निक्सन यांचे पाठबळ बकलींना होते, उपाध्यक्ष अ‍ॅग्न्यू तर आपल्याच पक्षाच्या गुडेलवर उघड तुटून पडले. तरीही रिपब्लिकन उमेदवारी नसताना न्यूयॉर्कसारख्या राज्यातून सिनेटमध्ये जाणे ही लहान गोष्ट नव्हती. बकली निक्सन यांच्या उपकाराखाली दबले नाहीत, हे मला विशेष वाटते. मार्च 1974 मध्ये, बहुतेक रिपब्लिकन अजून गप्प असताना, त्यांनी निक्सन यांनी राजीनामा द्यावा असे जाहीरपणे सांगितले. 1976 मध्ये डॅनियल मॉयनिहान यांनी त्यांचा पराभव केला, पण निवडणूक खर्चावरील मर्यादांचा जो खटला अमेरिकेत आजही आधार म्हणून वापरला जातो, त्यावर पहिले नाव त्यांचेच आहे.

यानंतर पक्षाचा खरा प्रभाव दुसऱ्याच्या विजयातून दिसू लागला. 1980 मध्ये रिपब्लिकन उमेदवारी ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत जॅव्हिट्स यांना हरवणारे अल्फॉन्स डॅमॅटो सिनेटची जागा सुमारे 81 हजारांच्या फरकाने जिंकले. कॉन्झर्व्हेटिव्ह ओळीवर त्यांना त्याच्या तिपटीहून अधिक मते होती. 1994 मध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर मारिओ क्युओमो यांना हरवून जॉर्ज पटाकी गव्हर्नर झाले तेव्हा मताधिक्य होते सुमारे 1 लाख 74 हजार आणि कॉन्झर्व्हेटिव्ह ओळीची मते 3 लाख 28 हजार. पुढच्याच वर्षी पटाकींनी फाशीची शिक्षा परत आणणाऱ्या कायद्यावर सही केली, ही पक्षाची जुनी मागणी होती. 1974 नंतर या पक्षाच्या ओळीशिवाय एकही रिपब्लिकन राज्यव्यापी निवडणूक जिंकलेला नाही.

या दोन विजयांच्या मध्ये 1990 चे वर्ष येते, आणि माझ्या मते पक्षाच्या इतिहासातला तो सर्वांत निर्णायक क्षण होता. क्युओमो यांच्यासमोर उभे राहायला कोणी वजनदार नेता तयार नसल्याने रिपब्लिकनांनी पियर रिनफ्रे या अर्थतज्ज्ञाला उभे केले. ब्रुकलिनमध्ये मद्यविक्रीचे दुकान चालवणारे माइक लाँग तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे अध्यक्ष होते. त्यांनी रिनफ्रे यांना ओळ द्यायला नकार दिला आणि न्यूयॉर्क विद्यापीठातील हर्बर्ट लंडन यांना स्वतंत्र उभे केले. रिनफ्रे यांना 21 टक्के मते मिळाली, लंडन यांना 20 टक्के. फरक चाळीस हजारांच्या आतबाहेर. तो उलटा पडला असता तर मतपत्रिकेवरची दुसरी ओळ कॉन्झर्व्हेटिव्हांची झाली असती, आणि निवडणूक मंडळांवर पहिल्या दोन पक्षांचेच आयुक्त असल्याने रिपब्लिकनांच्या हातून जिल्ह्याजिल्ह्यातली ती पदेही गेली असती. चार वर्षांनी रिपब्लिकन पक्षाने कॉन्झर्व्हेटिव्हांना चालणारा उमेदवार शोधला, त्यामागे हा धसका होता. पटाकींचा विजय 1990 च्या नकाराशिवाय मला समजावून सांगता येत नाही.

नकाराची किंमतही मोजावी लागते. 2009 मध्ये राज्याच्या उत्तरेकडील 23 व्या मतदारसंघातल्या पोटनिवडणुकीत पक्षाने रिपब्लिकन उमेदवार डीडी स्कोझाफावा यांना नाकारून डग हॉफमन यांना उभे केले. देशभरातले उजवे कार्यकर्ते तिथे धावले. मतदानाला काही दिवस उरले असताना स्कोझाफावा यांनी माघार घेतली आणि डेमोक्रॅट बिल ओवेन्स यांना पाठिंबा दिला. जिथे पिढ्यान् पिढ्या रिपब्लिकन निवडून येत तिथे ओवेन्स जिंकले. 2011 मध्ये समलिंगी विवाहाच्या कायद्याच्या बाजूने मत देणाऱ्याला आपली ओळ मिळणार नाही असे लाँग यांनी आधीच बजावले होते. तरी चार रिपब्लिकन राज्य सिनेटरांनी बाजूने मत दिले. त्यांपैकी स्टीफन सालँड पुढच्या वर्षी कॉन्झर्व्हेटिव्ह ओळीवरच्या प्रतिस्पर्ध्याने मते खाल्ल्यामुळे हरले आणि जागा डेमोक्रॅटांकडे गेली. त्या कायद्याविषयी माझे मत पक्षाच्या मताच्या नेमके उलट आहे. पण पक्षाने दिलेला शब्द नुकसान सोसून पाळला, हे मान्य केले पाहिजे.

आज चित्र वेगळे आहे. लिबरल पक्ष 2002 मध्ये मतपत्रिकेवरून गेला. 2020 च्या कायद्याने मान्यतेची अट 50,000 मतांवरून 1 लाख 30 हजार किंवा एकूण मतांच्या 2 टक्के, यांपैकी जी मोठी असेल ती, अशी केली आणि चारऐवजी दर दोन वर्षांनी परीक्षा ठेवली. ग्रीन, लिबर्टेरियन, इंडिपेंडन्स हे पक्ष त्यात गळाले. उजवीकडे कॉन्झर्व्हेटिव्ह आणि डावीकडे वर्किंग फॅमिलीज एवढे दोनच उरले. हा कायदा मला अन्यायकारक वाटतो. त्याचा आणखी एक परिणाम कमी बोलला जातो: अध्यक्षीय निवडणुकीतही अट पार करायची असल्याने लहान पक्षाला देशपातळीवरच्या मोठ्या उमेदवाराला आपली ओळ देणे जवळपास भागच पडते. 1962 चा पक्ष आपल्याच बाजूच्या गव्हर्नरविरुद्ध उभा राहिला होता. आजचा पक्ष रिपब्लिकन उमेदवाराचे नाव दुसऱ्यांदा छापण्याची जागा होत चालला आहे, आणि न्यायाधीशपदांच्या उमेदवाऱ्यांच्या देवघेवीत त्याचे नाव अधिक ऐकू येते. 1990 सारखा नकार या पक्षाने अलीकडे गव्हर्नरपदासाठी दिलेला नाही.

आपल्याकडे अशी सोय नाही. भारतात उमेदवार एकाच पक्षाच्या पत्रावर आणि एकाच चिन्हावर लढतो. महाराष्ट्रात लहान घटक पक्षांचे उमेदवार पुष्कळदा मोठ्या मित्रपक्षाच्या चिन्हावर उभे राहतात, निवडून आल्यावर त्याच पक्षाचे आमदार म्हणून मोजले जातात आणि त्याच्याच पक्षादेशाने बांधले जातात. अशा वेळी घटक पक्षाने स्वतःची किती मते आणली हे निकालातून कळत नाही, म्हणून पुढच्या जागावाटपात त्याच्या हाती दाखवायला आकडा नसतो. आपल्या तिसऱ्या आघाड्या का टिकत नाहीत, याची चर्चा नेत्यांच्या स्वभावावर न थांबता मतपत्रिकेच्या या रचनेपर्यंत गेली, तर ती अधिक उपयोगाची ठरेल.

आपणांस एक विनंती आहे. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीचे निकाल यापुढे छापताना उमेदवाराच्या एकूण मतांबरोबर ती कोणत्या ओळीवर किती पडली, हेही द्यावे. राज्याचे निवडणूक मंडळ हे आकडे ओळीनुसार प्रसिद्ध करते, आणि दोन उमेदवारांच्या चौकटीत आणखी दोन आकड्यांना जागा करणे कठीण नाही.

आपला नम्र,
एक वाचक
क्वीन्स, न्यूयॉर्क