कातडे कुठून आले, हे आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मांसासाठी कापलेल्या जनावराचे उरलेले कातडे वाया न घालवता त्याच्या पट्ट्या वाळवून घरच्या कुत्र्याला चघळायला देण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे, आणि मी तिचा पुरस्कर्ता आहे. मात्र ‘मीठ लावा, उन्हात वाळवा आणि द्या’ एवढ्यावर ही कृती सांगून संपवली जाते, तेव्हा मला मनापासून काळजी वाटते. ही कृती छापणाऱ्या आणि सांगणाऱ्या प्रत्येकाने तिच्या पहिल्याच ओळीत कातडे कोणत्या जनावराचे आहे आणि ते जनावर कशाने मेले, हे विचारायला लावावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आजारी जनावराला इंजेक्शन देऊन शांतपणे मरण दिले जाते, तेव्हा बहुधा पेंटोबार्बिटल हे औषध वापरतात. ते शरीरात टिकून राहते आणि शिजवल्यानेही नष्ट होत नाही, त्यामुळे अशा जनावराचे कातडे कुत्र्याच्या तोंडी कदापि जाता कामा नये. अचानक दगावलेल्या जनावराच्या कातड्याला तर हातही लावू नये, कारण काळपुळीचे (अँथ्रॅक्स या रोगाचे) बीजाणू कातड्यात वर्षानुवर्षे तग धरतात आणि ते माणसालाही घातक असतात. जनावराच्या पाठीवर गोचिडांसाठी औषध ओतले होते का, हेही मालकाला विचारलेच पाहिजे. आपण जे वापरणार आहोत, नेमक्या त्याच भागावर ते औषध पडलेले असते. कमावलेल्या चामड्याचे तुकडे, मग ते कमरपट्ट्याचे असोत वा हातमोज्याचे, या कामासाठी पूर्णपणे वर्ज्य समजावेत.

मिठाविषयी तर फारच कमी बोलले जाते. कातडे टिकवण्यासाठी त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याहूनही अधिक मीठ लावले जाते, आणि कुत्र्याच्या शरीराच्या दर किलोमागे साधारण 4 ग्रॅम मीठ पोटात गेले तर ते प्राणघातक ठरू शकते. खारवलेले कातडे म्हणूनच पाणी पुन्हापुन्हा बदलत भिजवून पूर्ण अळणी करून घ्यावे लागते. केस काढण्यासाठी चुना वापरला असेल, तर नुसते वरवर धुऊन भागत नाही, कारण चुना आतल्या थरात बसून राहतो. सर्वांत जाड जागी छेद देऊन त्या ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलिन या चुन्याने गुलाबी होणाऱ्या रसायनाचा थेंब टाकावा. मधोमध गुलाबी रेघ उमटली, तर चुना अजून शिल्लक आहे आणि कातडे परत पाण्यात गेले पाहिजे. चामडे कमावणारे कारागीर हीच परीक्षा करतात. परीक्षेसाठी कापलेला तो तुकडा मात्र टाकून द्यावा. मांसाकडच्या बाजूची चरबी बोथट सुरीने खरवडून काढावी, नाहीतर ती खवट होते, शिवाय जास्त चरबीने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

वाळवणे म्हणजे निर्जंतुक करणे, हा समज सर्वांत घट्ट रुजलेला आहे. साल्मोनेलासारखे जंतू सुकण्याने मरत नाहीत. उलट एकदा सुकल्यावर ते उष्णतेलाही पूर्वीइतकी दाद देत नाहीत. उष्णता द्यायची ती कातडे ओले असतानाच, आतपर्यंत 75 अंश सेल्सिअस तापेल इतकी, आणि त्यानंतरच ते वाळत घालायचे. साधारण 60 ते 65 अंशांच्या पुढे कच्चे कातडे आक्रसते आणि गुंडाळते, त्यामुळे पट्ट्या दुकानातल्यासारख्या सरळ व देखण्या होणार नाहीत. ती तडजोड मी आनंदाने स्वीकारतो.

एवढे करूनही पट्टी देऊन आपण दुसऱ्या कामाला लागावे, असे होत नाही. कुत्रा ओलसर झालेला तुकडा अख्खा गिळतो, तो पोटात फुगतो आणि आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेची वेळ येते. पट्टी कुत्र्याच्या जबड्यापेक्षा बरीच लांब असावी आणि चघळून आखूड झाली की काढून घ्यावी. जिच्यात नख जरासुद्धा रुतत नाही, अशी दगडासारखी पट्टी देऊ नये, कारण तिने मागचे दात तडकतात. घाईघाईने गिळणाऱ्या कुत्र्याला कातडे देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण अशी कृती प्रसिद्ध कराल तेव्हा कातड्याच्या उगमाविषयीचे प्रश्न शेवटच्या टीपेत न ढकलता साहित्याच्या यादीच्याही वर छापावेत, ही विनंती.

आपला,
एक श्वानपालक वाचक