टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला असं नाही

मा. संपादक,
स. न.

फेब्रुवारी आला की वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर कर वाचवण्याच्या योजनांची गर्दी होते. आपलं पानही त्याला अपवाद नाही. पण १५ मार्चला ॲडव्हान्स टॅक्सचा, म्हणजे वर्ष संपायच्या आत हप्त्यांनी भरायच्या कराचा, शेवटचा हप्ता असतो, याची साधी चौकटसुद्धा कुठे दिसत नाही. मी साताऱ्यात लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. दर जुलैत नोकरदार मंडळी माझ्यासमोर बसून विचारतात, ‘‘साहेब, आमचा टॅक्स तर पगारातूनच कापतात, मग हे व्याज कसलं?’’ पैसे हातात पडण्याआधीच असा कापला जाणारा कर म्हणजे टीडीएस.

यंदा हा प्रश्न जास्तच ऐकू येणार. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर कर शून्य झालाय आणि गोम तिथेच आहे. परवा एक तरुण इंजिनिअर पगाराच्या स्लिपा घेऊन आला. वर्षाला १८ लाखांचं पॅकेज. ऑक्टोबरच्या एक तारखेला एक कंपनी सोडून तेवढ्याच पगारावर दुसरीत लागला. पहिल्या कंपनीने वर्षाचा हिशोब धरून सहा महिने बरोबर कर कापला. दुसरीला मात्र तिच्याकडचेच सहा महिने दिसतात. नऊ लाख पगार, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट, राहिले सव्वाआठ लाख. म्हणजे कर शून्य! ऑक्टोबरपासून हातात जास्त पैसे पडताहेत म्हणून पोरगा खूश. प्रत्यक्षात त्याचं करपात्र उत्पन्न सव्वासतरा लाख आणि उपकरासह कर १,५०,८०० रुपये. त्यातले निम्मे, ७५,४०० रुपये, कुणीच कापलेले नाहीत.

हे पैसे त्याने थेट जुलैत विवरणपत्रासोबत भरले असते, तर ॲडव्हान्स टॅक्सचे हप्ते चुकले म्हणून कलम २३४-सी खाली ३,८०५ आणि मार्चअखेर कर पुरेसा भरला नाही म्हणून २३४-बी खाली ३,०१६ रुपये व्याज पडलं असतं. गंमत म्हणजे यात जूनच्या हप्त्याचंही व्याज आलं. जूनमध्ये तो जुन्याच कंपनीत होता आणि नोकरी बदलायचं त्याच्या मनातही नव्हतं. शेअर विकून नफा झाला, लाभांश मिळाला, अगदी लॉटरी लागली, तरी कायदा समजून घेतो की हे आधी कसं कळणार, आणि उत्पन्न झाल्यानंतरच्या हप्त्यांत कर भरला की मागच्या हप्त्यांचं व्याज माफ करतो. नोकरी बदलणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. लॉटरीवाल्याला जे मिळतं, ते पगारदाराला का मिळू नये, हे मला तरी उमगलेलं नाही.

त्या मुलाला मी जुन्या पगाराचा तपशील फॉर्म १२-बी मध्ये भरून नव्या कंपनीच्या अकाउंट्सला द्यायला लावला. आता फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून सगळी तूट कापली जाईल. दोन महिने ओढाताण होईल खरी, पण टीडीएस वर्षात कधीही कापला तरी तो ॲडव्हान्स टॅक्सच्या हिशोबातून वजा होतो, त्यामुळे व्याजाचा प्रश्न मिटतो. बँकेच्या ठेवींवरचं व्याजही असंच कंपनीला लेखी कळवता येतं.

आणि ठेवींचं तर विचारूच नका. बँक १० टक्के कापते, माणूस निर्धास्त होतो. समजा, घर विकून आलेल्या रकमेवर वर्षाला तीन लाख व्याज येतंय आणि माणूस २० टक्क्यांच्या टप्प्यात आहे. कर होतो ६२,४००, बँकेने कापले ३०,०००. उरलेले ३२,४०० कुणाचे? टीडीएस वजा जाता कर १० हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण रक्कम भरायची असते. पहिल्या दोन हप्त्यांत १२ आणि ३६ टक्के भरले तरी व्याज लागत नाही. ३१ मार्चपर्यंत एकूण ९० टक्के भरले नाहीत, तर एप्रिलपासून महिन्याला एक टक्का व्याज चालू. महिना पुरा भरला नाही तरी पुरा धरतात.

गेल्या वर्षी विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली, तेव्हा माझे कितीतरी ग्राहक निवांत झाले. २३४-बीचं व्याज काही थांबलं नव्हतं. हे व्याज अनिवार्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितलंय, त्यामुळे गयावया करून उपयोग नाही. सरकारकडून आपला परतावा रखडला की मात्र व्याज मिळतं महिन्याला अर्धा टक्का!

साठी उलटलेल्या आणि धंदा-व्यवसाय नसलेल्या निवासी ज्येष्ठांना ॲडव्हान्स टॅक्स लागू नाही, त्यांनी उगीच घाबरू नये. कलम ४४-एडीए खाली अंदाजित नफा दाखवणाऱ्या डॉक्टर-वकिलांना फक्त मार्चचा एकच हप्ता असतो. बाकीच्यांनी आयकराच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण उघडून बघावं, बँकांनी कळवलेलं व्याज तिथे दिसतं. यंदा १५ मार्चला रविवार आहे. ऑनलाइन भरणा रविवारीही होतो, पण शनिवारीच उरकलेलं बरं. भरताना ‘ॲडव्हान्स टॅक्स (१००)’ निवडायचं, ३०० (विवरणपत्रासोबत भरायचा उरलेला कर) नव्हे, आणि करनिर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष, २०२६-२७.

हे वर्षाचं प्रकरण येत्या जूनमध्ये आणखी घोळ घालणार आहे. १ एप्रिलपासून नवा आयकर कायदा लागू होतोय आणि त्यात ‘करनिर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’, म्हणजे उत्पन्न मिळतं तेच वर्ष, येतंय. म्हणजे जूनमध्ये जो यंदाच्या उत्पन्नाचा उरलेला कर भरेल, त्याचं करनिर्धारण वर्ष २०२६-२७, आणि जो पुढच्या उत्पन्नाचा पहिला हप्ता भरेल, त्याचं कर वर्षही २०२६-२७! आकडे तेच, कायदे दोन. चुकीच्या खान्यात गेलेले पैसे परत जागेवर आणताना काय होतं, ते आम्हाला विचारा. तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्या पानावर एवढ्याच विषयाची चौकट छापावी, ही विनंती.

आपला,
एक करसल्लागार, सातारा