मांगराची चावी कोणाकडे?

बंड्या,

तुझा लांबलचक मेसेज वाचला रे. आजोबांचा मांगर, म्हणजे शेतावरची ती शेड, झाडून तिथे पुस्तकं, मीटिंगा, चहा सुरू करताय आणि अध्यक्ष-सचिव काही नको म्हणताय, एकदम भारी, पण चावी कोणाकडे राहणार ते लिहिलंच नाहीस. ज्याच्या खिशात चावी तोच अध्यक्ष होतो बघ, आणि मांगर तुमचा म्हटल्यावर तो तूच, तुला विचारल्याशिवाय लोक खुर्ची पण हलवणार नाहीत. दोन-चार चाव्या करून घे, एक तरी वाडीतल्या बाईकडे दे.

गावात म्हणतीलच, ही बाहेरची फॅडं. मग मुंबईत गिरणगावातल्या गावच्या खोल्या काय होत्या? एका खोलीत गावचे सगळे चाकरमानी, पाळीपाळीने झोपायचे, वर्गणी काढून भाडं भरायचे, नवीन पोरगा आला की त्याची ट्रंक पण तिथेच, आणि 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर कितीतरी जण गावी परत आले, भात-नाचणीवर दिवस काढले. पण उगाच गोडवे नको हां. बाईला तिथे जागा नव्हती, जात सहसा एकच, आणि गावकीचा धाक मुंबईतही सुटत नव्हता. तेवढं सोडून बाकी उचल.

बाहेरचं एक मला खरंच पटतं, ते फूड नॉट बॉम्ब्स. 1980 साली अमेरिकेत अणुभट्टीला विरोध करणाऱ्या पोरांनी काढलेलं (जैतापूरच्या अणुप्रकल्पाला विरोध करणाऱ्यांना सांग, खूश होतील). दुकानातलं उरलेलं अन्न आणायचं, शिजवायचं, रस्त्यावर फुकट वाटायचं. हेडऑफिस नाही, कोणाचं सर्क्युलर नाही, शाकाहारी जेवण, अहिंसा आणि निर्णय सगळ्यांनी मिळून, एवढं पाळलं की कुठल्याही गावाने आपला गट काढावा. एक बंद पडला तरी बाकीच्यांचं काही अडत नाही.

जागा काय, जाते रे कधी ना कधी. इटलीत मिलानचं लिओनकावालो, रिकामी जागा ताब्यात घेऊन लोकांनीच चालवलेलं केंद्र, 1975 पासूनचं, एकदा हुसकलं, पुन्हा उभं केलं, जागा बदलली, गाणी, किचन, सगळं चालू, शेवटी ऑगस्ट 2025 ला पोलिसांनी रिकामं केलंच. म्हणून सगळा संसार मांगरात मांडू नको. राजापूर, मालवणच्या पोरांशी आत्तापासून येणंजाणं ठेव, पुस्तकं फिरवा.

आणि कप कोण धुणार? हसू नको, मीटिंगमध्ये क्रांतीवर दोन तास बोलतात आणि कप शेवटी तीच एक पोरगी धुते. पाळी लाव, भिंतीवर लिही, तुझं नाव पहिलं. हिशेबाची वही पण तिथेच उघडी टांगून ठेव, ज्याला बघायची त्याने बघावी.

आंब्याचं आवरलं की येतो. पत्रे गळतात ते पावसाआधी बघून घे, मी येताना सुतार घेऊन येईन.

तुझाच,
भाऊ